दुरुस्त केलेला सिंथ पुन्हा तसाच वाजतो: हम, खरखर आणि बेसूरपणाचं मूळ कसं शोधायचं

जुन्या अॅनालॉग सिंथची, म्हणजे सिंथेसायझरची, नेहमीची तक्रार. हम (सलग घूं असा आवाज) येते म्हणून उघडला, आतले झाडून सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले, काही आठवडे आवाज स्वच्छ आला आणि मग परत तीच हम. नाहीतर खरखरणारा नॉब क्लीनर मारून गप्प केला आणि महिन्याभरात त्याने पुन्हा तोंड उघडलं. मग आणखी महागडे भाग मागवायचे, ओप-अँप (सिग्नल वाढवणाऱ्या चिप) बदलायचे, आणि दोष आपला जागच्या जागी.

यामागे बहुतेक वेळा एकच गल्लत असते. सिंथच्या आवाजाला स्वभाव देणारे भाग मोजकेच असतात: ऑसिलेटरचा (स्वर निर्माण करणाऱ्या सर्किटचा) गाभा, फिल्टर, व्हीसीए (व्होल्टेजने आवाजाची पातळी बदलणारं सर्किट) आणि डिजिटल वाद्यात डीएसी (आकड्यांचं व्होल्टेज करणारी चिप). आवाज बिघडवणारे भाग सहसा दुसरेच निघतात: पॉवर सप्लाय, जोडण्या, कपलिंग कपॅसिटर, ग्राउंड. बिघाड दुसऱ्या यादीतला आणि खर्च पहिल्या यादीवर, असं झालं की दुरुस्ती टिकत नाही.

आतला भाग बदलला की आवाज बदलतो, हे अर्थात खरं आहे. सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-५ १९७८ मध्ये आला तेव्हा त्यात एसएसएम या कंपनीच्या चिप होत्या. रिव्हिजन ३ पासून कर्टिसच्या सीईएम चिप आल्या. वाद्य तेच, पण फिल्टरचा पोत वेगळा. २०२० मध्ये आलेल्या नव्या प्रॉफेट-५ मध्ये दोन्ही जातींचे फिल्टर बसवून निवडीसाठी स्विच दिला आहे. लोकांना तो फरक ऐकू येतो आणि हवाही असतो, म्हणूनच हा खटाटोप. पण हा फरक दोन्ही चिप शाबूत असतानाचा आहे. हम, खरखर, सूर सरकणं हे स्वभावात मोडत नाही.

उघडण्यापूर्वी एवढं सांगतो: प्लग काढा आणि मोठ्या कपॅसिटरमधलं व्होल्टेज मीटरने बघून मगच हात घाला. आत स्विचिंग सप्लाय असेल तर त्याच्या मेन्सकडच्या बाजूला २३० व्होल्टवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतं. ती बाजू जाणकारालाच करू द्या. या लेखातली मोजमापं कमी व्होल्टेजच्या बाजूची आहेत.

हम असेल तर आधी तिचा सूर ओळखा

सिंथला हेडफोन सोडून दुसरं काहीही जोडू नका. मिक्सर, कॉम्प्युटर, मिडी, सगळं काढा. हम गेली तर सिंथ निर्दोष आहे, भानगड बाहेरच्या ग्राउंड लूपची (दोन उपकरणांच्या ग्राउंडमधून बनणाऱ्या वळशाची) आहे. राहिली तर ट्यूनर किंवा स्पेक्ट्रम दाखवणारं अॅप लावून तिची फ्रिक्वेन्सी बघा. जिथे मेन्स ५० हर्ट्झचा असतो तिथे ५० हर्ट्झची हम बहुधा ग्राउंडमधून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येते. १०० हर्ट्झची हम, तीही जरा किरकिरी, असेल तर ती रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांच्या) नंतरची, म्हणजे फिल्टर कपॅसिटरकडे बोट दाखवणारी. (मेन्स ६० हर्ट्झचा असेल तर हेच आकडे ६० आणि १२०.) रेक्टिफायरच्या ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडला (आतून तुटला) तर रेक्टिफायरही ५० हर्ट्झचाच रिपल (डीसीवरचा चढउतार) देतो, हा अपवाद लक्षात ठेवा.

फिल्टर कपॅसिटर थकला की नेमकं काय होतं ते आकड्यांनी बघू, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक चकतात. समजा १५ व्होल्टची रेल (सर्किटला वीज पुरवणारी ओळ) ७८१५ या व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरवर आहे आणि सिंथ त्यातून अर्धा अँपिअर घेतो. रेग्युलेटरच्या आधी २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. रिपल म्हणजे करंट भागिले (फ्रिक्वेन्सी गुणिले कपॅसिटन्स). १०० हर्ट्झला तो साधारण २.३ व्होल्ट येतो. शिखर २१ व्होल्टचं असेल तर दरी १८.७ ची. ७८१५ ला वर दोन-अडीच व्होल्टची जागा लागते, म्हणजे १७.५ पुरेसे. सगळं ठीक. आता तोच कपॅसिटर वयाने १००० मायक्रोफॅरडवर आला. रिपल ५ व्होल्ट, दरी १६ ची. दर सेकंदाला शंभर वेळा रेग्युलेटरचा श्वास तुटतो आणि १५ च्या रेलमध्ये शंभर बारीक खाचा पडतात.

मल्टिमीटर डीसीवर ठेवून ती रेल मोजली तर तो १४.८ किंवा १४.९ दाखवेल, कारण तो सरासरी दाखवतो. ‘व्होल्टेज बरोबर आहे’ म्हणून माणूस पुढे जातो. मीटर एसी व्होल्टवर टाका आणि तीच रेल पुन्हा मोजा. रेग्युलेटरनंतर एसी काही मिलिव्होल्टच्या आतच हवं. तिथे शंभर-दोनशे मिलिव्होल्ट दिसले तर चोर सापडला. ऑसिलोस्कोप असेल तर खाचा डोळ्यांनी दिसतात.

हीच हम कधी येते, कधी जाते, त्याचंही कारण यातच आहे. मेन्सचं व्होल्टेज उतरलं की शिखर खाली येतं. पॅनेलवरचे सगळे दिवे लागले किंवा सगळे व्हॉइस (एकेक स्वर वाजवणारी सर्किटं) एकदम वाजले की करंट वाढतो. दोन्हीत दरी त्या १७.५ च्या रेषेखाली जाते. कपॅसिटर काठावर असेल तर दिवसभर गप्प आणि ठरावीक वेळी हम, असा प्रकार होतो.

नवा कपॅसिटर घालूनही हम परतली तर त्याच्या आजूबाजूला काय तापतं ते बघा. इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं. रेग्युलेटरच्या हीटसिंकला चिकटून ८५ अंशांचा, २००० तासांचा कपॅसिटर बसवला तर तो पुन्हा जाणारच. तिथे १०५ अंशांचा घ्या आणि हीटसिंकपासून थोडा लांब उभा करा. रेग्युलेटरच्या स्क्रूखालची थर्मल पेस्ट सुकून पांढरी भुकटी झाली असेल तर तीही नवी लावा. आणि ट्रान्सफॉर्मरचा कनेक्टर तपासा. जास्त करंट वाहणाऱ्या पिनांचं सोल्डर वर्षानुवर्षं तापून-निवून चिरतं, पिनेभोवती केसासारखी गोल भेग पडते. भिंगाशिवाय ती दिसत नाही. ‘सगळे कपॅसिटर बदलले’ म्हणणाऱ्यांच्या बोर्डावर अशी भेग मी अनेकदा पाहिली आहे. कपॅसिटर बदलताना बोर्ड हलतो, जोड तात्पुरता टेकतो, आणि श्रेय कपॅसिटरला जातं.

सरसकट सगळे कपॅसिटर बदलण्याच्या मी विरोधात आहे, हे यावरून कळलंच असेल. पॉवर सप्लायमधले बदला, गळलेले बदला, मोजून वाईट निघालेले बदला. बाकीच्यांना हात लावला की जुन्या बोर्डाचे पॅड उचकटतात आणि नवे दोष जन्माला येतात.

खरखरणारा नॉब, क्लीनर मारूनही

पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) किंवा स्लायडर फिरवताना खरखर येते तेव्हा धूळ आणि झिजलेला कार्बन ट्रॅक ही पहिली शंका. क्लीनर मारा, पन्नासेक वेळा फिरवा, बहुतेक सुधारतात. आठवड्याभरात खरखर परतली तर क्लीनरची बाटली खाली ठेवा आणि मीटर घ्या.

व्हॉल्यूम पॉटमधून फक्त ऑडिओ जायला हवा, डीसी नाही. तो अडवायला आधी एक कपलिंग कपॅसिटर असतो, बहुधा १ ते १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक. तो गळायला लागला की मागच्या स्टेजचं डीसी थोडं थोडं पॉटवर येतं. मग वायपर (पॉटचा सरकता संपर्क) ट्रॅकवरून सरकताना जिथे जिथे संपर्क क्षणभर सुटतो तिथे व्होल्टेज उडी मारतं आणि तीच खरखर म्हणून ऐकू येते. पॉट नवाकोरा बसवला तरी खरखरेल. कोणतीही की न दाबता पॉटच्या वरच्या टोकाला डीसी मोजा. दोन-तीन मिलिव्होल्ट चालतात. पन्नास, शंभर किंवा अधिक दिसले तर मागचा कपॅसिटर बदला. ध्रुव मूळ बोर्डावर होता तसाच ठेवा, पण एकदा मोजून खात्री करा की त्याच्या धन बाजूला खरंच जास्त व्होल्टेज आहे. जागा असेल तर १ मायक्रोफॅरडला फिल्म कपॅसिटर घाला, गळतीचा विषयच संपतो.

कटऑफ (फिल्टर जिथून आवाज कापतो ती फ्रिक्वेन्सी) किंवा पिच यांसारख्या नियंत्रणाच्या पॉटला हे लागू नाही. तिथे डीसी असणारच, तेच त्यांचं काम आहे. तिथली खरखर म्हणजे खरोखर ट्रॅकची. फार झिजला असेल तर पॉट बदला.

सूर सरकतो

अॅनालॉग ऑसिलेटरमध्ये कीबोर्डकडून येणारं व्होल्टेज, बहुतेक वाद्यांत एका सप्तकाला १ व्होल्ट, ट्रान्झिस्टरच्या जोडीकडे जाताना सप्तकाला सुमारे १८ मिलिव्होल्ट इतकं बारीक केलं जातं. हा १८ चा आकडा तापमानाच्या प्रमाणात बदलतो, अंशाला साधारण ०.३३ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ट्यून केलेल्या स्वरापासून पाच सप्तकं वर गेलात आणि भरपाई नसेल, तर एका अंशाच्या फरकाने सूर जवळजवळ २० सेंटने (अर्धस्वराच्या पाचव्या भागाने) चुकतो. तो कोणाच्याही कानाला टोचतो.

म्हणून तिथे एक खास रेझिस्टर असतो ज्याची किंमत तापमानाबरोबर अंशाला सुमारे ३३०० भाग प्रति दशलक्ष इतकी वाढते. लोक त्याला टेम्पको म्हणतात. तो ट्रान्झिस्टरच्या जोडीला अंगाला अंग लावून, मध्ये पेस्ट घालून बसवलेला असतो. दुरुस्तीत कोणीतरी त्या जोडीची चिप काढतो, सॉकेट लावतो, टेम्पको बाजूला वाकवतो आणि परत चिकटवायला विसरतो. मग सुरुवातीला ट्यून झालेला सिंथ अर्ध्या तासाने बेसूर, पुन्हा ट्यून केला की थंड झाल्यावर पुन्हा बेसूर. ट्रिमर (ट्यूनिंगचा बारीक स्क्रू) फिरवून हे कधीच सुटत नाही. टेम्पको आणि जोडी एकमेकांना टेकलेली आहेत का, हे आधी बघा. त्याच्या जागी कोणी साधा मेटल फिल्म रेझिस्टर तर लावलेला नाही ना, हेही.

दुसरी जागा ऑसिलेटरच्या टायमिंग कपॅसिटरची. तिथे मूळचा पॉलिस्टायरीन किंवा चांगला फिल्म असतो. ‘व्हॅल्यू तीच आहे’ म्हणून कोणी वायफाइव्हव्ही जातीचा सिरॅमिक घातला तर खेळ संपला: त्याची कपॅसिटन्स तापमानाच्या टोकांना तब्बल ८२ टक्क्यांनी घटू शकते. एक्ससेव्हनआर बरा, पण तोही तापमान आणि व्होल्टेज दोन्हींबरोबर हलतो. सिरॅमिकच घालायचा तर सीझीरोजी, ज्याला एनपीओ म्हणतात, तो घाला. फिल्टरच्या कपॅसिटरलाही हाच नियम. तिथे व्होल्टेजबरोबर हलणारा सिरॅमिक घातला की रेझोनन्स वाढवल्यावर किंचित किरकिरी विकृती येते आणि फिल्टर ‘पूर्वीसारखा वाटत नाही’. खराब चिप शोधत बसण्याआधी हे तपासा.

सुरू केल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं सूर हलला तर तो दोष नाही. वाद्य तापू द्या. सगळे ऑसिलेटर एकदम, एकाच दिशेने सरकत असतील तर ऑसिलेटर सोडा, पॉवर सप्लायची रेल आणि रेफरन्स व्होल्टेज मोजा. एकटाच सरकत असेल तरच त्याच्या सर्किटमध्ये शिरा.

सहांपैकी एकच व्हॉइस खराब

हे शोधायला सोपं. एकच की पुन्हा पुन्हा दाबा. सहा व्हॉइसच्या वाद्यात दर सहावा स्वर फुटका, मुका किंवा खरखरता आला तर दोष एका व्हॉइसपुरता आहे. वाद्याचा टेस्ट मोड असेल तर तो वापरा, नसेल तर मोजत राहा.

रोलँडच्या जूनो-१०६ मध्ये, जो १९८४ मध्ये आला, हा आजार इतका प्रसिद्ध आहे की निदान जवळजवळ तयारच मिळतं. त्यातल्या ८००१७ए या मॉड्यूलमध्ये प्रत्येक व्हॉइसचा फिल्टर आणि व्हीसीए एकत्र आहेत आणि ती मॉड्यूल काळाबरोबर जातात: व्हॉइस गायब होतो, अडकतो किंवा की सोडल्यावरही कुजबुजत राहतो. त्यावरच्या कोटिंगला दोष देतात. ते अॅसिटोनमध्ये भिजवून काढलं की बरीच मॉड्यूल पुन्हा जिवंत होतात, सगळी नाही. आता नव्याने बनवलेली पर्यायी मॉड्यूलही मिळतात. सहा वेगवेगळ्या वेळी वाद्य उघडायची हौस नसेल तर एकदम सहाही बदला. एक गेलं की बाकीची रांगेत असतात.

१९८१ च्या कॉर्ग पॉलीसिक्सची तऱ्हा निराळी. त्यात केएलएम-३६७ बोर्डावर मेमरीसाठी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते आणि खालचे ट्रॅक खाते. मग व्हॉइस उलटसुलट वाजतात, पॅच आपोआप बदलतात. बॅटरी बदलली, बोर्ड वरवर पुसला, की काही महिन्यांनी पुन्हा तेच. कारण अल्कली ट्रॅकच्या कोटिंगखाली शिरलेली असते आणि आतून खात राहते. आधी सौम्य व्हिनेगरने ती निष्प्रभ करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, हिरवे-काळे झालेले ट्रॅक खरवडून बघा आणि तुटलेल्यांवर तार ओढा.

बाकी वाद्यांत चिप सॉकेटमध्ये असतील तर वाईट आणि चांगल्या व्हॉइसची चिप अदलाबदल करा. दोष चिपबरोबर गेला तर चिप, जागेवर राहिला तर बोर्ड. नुसती काढून परत दाबल्यावरच सुधारला तर सॉकेटच्या पिना काळवंडल्या आहेत. तो सुधार टिकणार नाही, सॉकेट बदला.

एकाच व्हॉइसचं कटऑफ आपोआप हळूहळू सरकत असेल तर सॅम्पल-अँड-होल्ड बघा. प्रोसेसर एकाच डीएसीतून सगळी व्होल्टेज आळीपाळीने ४०५१ सारख्या मल्टिप्लेक्सरमार्फत छोट्या कपॅसिटरांत भरतो आणि पुढच्या फेरीपर्यंत त्या कपॅसिटरने ते धरून ठेवायचं असतं. कपॅसिटर, मल्टिप्लेक्सर किंवा पुढचा बफर गळला की ते धरलं जात नाही. बोर्डावर राहिलेला सोल्डरचा फ्लक्सही गळती करायला पुरतो. दुरुस्तीनंतर बोर्ड धुवायचा कंटाळा करू नका.

ओप-अँप बदलून आवाज ‘सुधारणं’

टीएल०७२ काढून एनई५५३२ घालण्याची टूम कायम असते, कारण डेटाशीटमध्ये एकाचा नॉइज १८ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ आणि दुसऱ्याचा ५. पण सिंथच्या आत १०० किलोओहमचे रेझिस्टर जागोजागी असतात आणि तशा एका रेझिस्टरचा स्वतःचाच नॉइज ४० च्या आसपास. वर ५५३२ चा करंट नॉइज ०.७ पिकोअँपिअर, तो १०० किलोओहममधून गेला की ७० नॅनोव्होल्ट होतात. म्हणजे खर्च करून सूंसूं वाढवली.

सॅम्पल-अँड-होल्डच्या बफरमध्ये तर हा उद्योग घातकच. टीएल०७२ चा बायस करंट ६५ पिकोअँपिअरच्या घरातला, ५५३२ चा २०० नॅनोअँपिअर. १० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरवर तो सेकंदाला २० व्होल्टचा उतार देतो. पाच मिलिसेकंदांत एक दशांश व्होल्ट, म्हणजे एका अर्धस्वरापेक्षा जास्त. शिवाय ५५३२ वीजही जास्त खातो आणि काठावरच्या पॉवर सप्लायला खाली ढकलतो. ‘ओप-अँप बदलल्यापासून हम येते’ याचं उत्तर कधी कधी इतकं साधं असतं.

बदलण्याला अर्थ आहे तो ऑडिओच्या वाटेवर खूप जुना ७४१ असेल तेव्हा. त्याचा स्लू रेट (व्होल्टेज बदलण्याचा कमाल वेग) मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट, त्यामुळे १० व्होल्ट शिखराची साइन तो ८ किलोहर्ट्झच्या पुढे नीट देऊ शकत नाही. आवाज बोथट होतो. पण त्या बोथटपणासाठीच कोणी ते वाद्य घेतलं असेल तर हात लावू नका.

आउटपुटचा ओप-अँप पुन्हा पुन्हा मरत असेल तर मिक्सरची फँटम पॉवर (केबलमधून माइकला वीज देण्याची सोय) बघा. बॅलन्स्ड केबलने माइक इनपुटला जोडलेल्या सिंथच्या आउटपुटवर ४८ व्होल्ट चढतात आणि प्रत्येक आउटपुट स्टेजला ते सोसत नाहीत. लाइन इनपुट वापरा.

डिजिटल वाद्यातली शिट्टी

यूएसबीने कॉम्प्युटरला जोडल्यावर बारीक शिट्टी येते आणि ती १ किंवा ८ किलोहर्ट्झवर बसलेली दिसते? यूएसबीचा फ्रेम दर सेकंदाला १००० आणि हाय-स्पीडचा मायक्रोफ्रेम ८०००, म्हणून. करंटचे ते झटके ग्राउंडमधून ऑडिओत येतात. सिंथच्या आत शोधत बसू नका. यूएसबी काढून पाच पिनांच्या मिडी केबलने जोडा. त्या इनपुटला ऑप्टोकप्लर असतो, ग्राउंड जुळतच नाही. शिट्टी गेली तर यूएसबी आयसोलेटर किंवा ऑडिओ बाजूला ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावा. मेन्सच्या प्लगची अर्थ पिन काढण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

आणि काही सूंसूं बिघाड नसतेच. पहिल्या यामाहा डीएक्स७ मध्ये १२ बिटचा डीएसी आहे, त्याच्या स्वरांची किंचित रवाळ शेपटी तिथून येते. जूनो-६० च्या कोरसमध्ये एमएन३००९ या बकेट-ब्रिगेड चिप आहेत, कोरस लावला की हिस येतो. नव्या वाद्यातही तो येत होता. कोरस बंद केल्यावर तो नाहीसा होत असेल तर झाकण लावून टाका.

दुरुस्ती झाली की वाद्य अर्धा तास तापू द्या, रेल मोजा, त्यानंतरच स्केलचे आणि व्हीसीएच्या ऑफसेटचे ट्रिमर लावा. की दाबताना येणारी ‘टक’ बहुधा त्या ऑफसेटचीच असते. रेल हलली की सगळी कॅलिब्रेशन हलते, म्हणून हा क्रम उलटा करू नका. डीसी आणि एसीचे दोन्ही आकडे तारखेसह झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, पुढच्या वेळी हम आली की आधी ते जुळवून पाहता येतील.